जुन्या सिंथेसायझरमधील टोन संगणकावर घेणे आणि परत भरणे : नवख्यांसाठी मार्गदर्शन

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ज्येष्ठ ऑर्केस्ट्रा-वादकांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचा यामाहा डीएक्स-७ माझ्याकडे आणून दिला. गणेशोत्सवातले कार्यक्रम, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतील रात्री यांतून वाजत आलेल्या त्या कीबोर्डमध्ये त्यांनी स्वतः बसवलेले बत्तीस टोन, म्हणजे यंत्रात साठवलेले आवाज, होते. त्यांत सनईच्या जवळ जाणारा एक होता, भजनाच्या पेटीसारखा एक होता आणि संबळाच्या ठेक्यासाठी खास घडवलेला एक होता. ‘‘यंत्र बंद पडलं तरी चालेल, पण माझे टोन तेवढे जाऊ देऊ नका,’’ असे त्यांनी मला सांगितले. ते सर्व टोन आतल्या एका बटण सेलच्या आधारावर टिकून होते.

हे काम मला एका संध्याकाळचे वाटले होते, पण त्याला तीन आठवडे लागले. त्यातला बहुतेक वेळ धडधाकट यंत्रावर संशय घेण्यात गेला, कारण दोष यंत्रात नव्हता, यंत्र संगणकाला जोडण्यासाठी मी विकत घेतलेल्या स्वस्त यूएसबी केबलमध्ये होता. तुमच्या घरी, मंडळाच्या कपाटात किंवा एखाद्या निवृत्त वादकाकडे असा जुना सिंथेसायझर असेल, तर पुढील क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे, विशेषतः तिसऱ्या आणि सहाव्या पायरीचा.

१. यंत्रातून डेटा कोणत्या वाटेने बाहेर येतो ते ओळखा

जुन्या सिंथेसायझरमधून टोन बाहेर काढण्याच्या वाटा साधारणपणे तीन आहेत. पहिली मिडी (वाद्ये एकमेकांशी आणि संगणकाशी जोडण्याची ठरलेली पद्धत), दुसरी फ्लॉपी आणि तिसरी कॅसेट. मिडीचा प्रसार १९८३ पासून झाला, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रांत मिडीची जागा मुळातच नसू शकते. १९८२ चा रोलँड जुनो-६० याचे उदाहरण आहे. त्याच्या मागे रोलँडची स्वतःची वेगळी जोडणी आहे आणि टोन साठवण्यासाठी कॅसेटची सोय आहे. १९८३ चा यामाहा डीएक्स-७, १९८७ चा रोलँड डी-५० आणि १९८८ चा कॉर्ग एम-१ ही यंत्रे मिडीवरून आपले टोन देतात आणि घेतात.

यंत्राची माहितीपुस्तिका मिळवा. बहुतेक जुन्या यंत्रांच्या पुस्तिका स्कॅन केलेल्या स्वरूपात उपलब्ध आहेत. पुस्तिकेच्या अखेरीस ‘मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट’ नावाचा तक्ता असतो. त्यातील ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’ (थोडक्यात ‘सिसएक्स’, म्हणजे टोनांसारखा यंत्राचा खास डेटा नेणारे संदेश) या ओळीत पाठवणे आणि स्वीकारणे असे दोन रकाने दिसतील. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. या तक्त्यात शून्यासारखे गोल चिन्ह म्हणजे ‘होय’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असा अर्थ असतो. आपल्या सवयीप्रमाणे गोल म्हणजे काहीच नाही असे समजून मी एक चांगली सोय दोन दिवस नाकारली होती.

२. लागणारे साहित्य

- चांगला यूएसबी-मिडी इंटरफेस, म्हणजे संगणकाचे यूएसबी आणि कीबोर्डचे मिडी यांना जोडणारे उपकरण. काही इंटरफेस केबलच्या रूपातच येतात. यावर पाचव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे.
- पाच पिनांच्या दोन मिडी केबल. एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी.
- मिडी केबल एकमेकींना जोडणारा, दोन्ही बाजूंना भोके असलेला जोड. चाचणीसाठी तो फार उपयोगी पडतो.
- कंटिन्युइटीला, म्हणजे वायर अखंड असल्यास, बीप देणारा साधा मल्टिमीटर.
- सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश पाठवणारी आणि नोंदवणारी प्रणाली (सॉफ्टवेअर). विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसएक्स लायब्रेरियन आणि लिनक्सवर आल्सा संचातील एमिडी ही आज्ञा. तिन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.
- फाइलमधील बाइट जसेच्या तसे, हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरील आकड्यांत, दाखवणारा कोणताही हेक्स व्ह्यूअर.
- माहितीपुस्तिका, वही आणि पेन. कोणत्या वेळी कोणता एकच बदल केला ते लिहून ठेवल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

३. वायर लावण्याआधी वीज आणि सेल तपासा

यंत्राच्या मागील पट्टीवर व्होल्टेज लिहिलेले असते. परदेशातून, विशेषतः जपानहून आलेली अनेक यंत्रे १०० व्होल्टची असतात आणि आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे. अशा यंत्राला योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय पिन सॉकेटमध्ये घालू नका. पिन बसते म्हणून यंत्र आपल्या विजेवर चालते असा अर्थ होत नाही. नंतर कुणीतरी आत बदल करून घेतला असेल तर पट्टीवरचा आकडाही फसवा ठरतो, म्हणून विकणाऱ्याला तसे स्पष्ट विचारा.

आता सेलविषयी. या काळातील बहुतेक यंत्रांत स्मृती जिवंत ठेवण्यासाठी तीन व्होल्टचा लिथियमचा बटण सेल असतो. अनेकदा तो सीआर-२०३२ जातीचा असतो आणि पुष्कळ यंत्रांत तो थेट सर्किट बोर्डाला सोल्डर केलेला असतो. यंत्र चालू होत असेल आणि टोन शाबूत असतील, तर सेल कितीही जुना असला तरी आधी टोन बाहेर काढा, मगच सेल बदला. सेल काढताच स्मृती पुसली जाते आणि त्यानंतर परतीचा मार्ग राहत नाही. माझ्या माहितीतील एका वादकाचा कीबोर्ड दुरुस्तीला गेला असता तेथे काळजीपोटी आधी सेल बदलण्यात आला. सेल नवा मिळाला, पण वीस वर्षांचे टोन गेले. दुरुस्तीला देताना तोंडी सांगू नका, कागदावर लिहून यंत्राला चिकटवा.

डीएक्स-७ मध्ये फंक्शन विभागात चौदा क्रमांकाच्या बटणावर सेलचे व्होल्टेज पाहण्याची सोय आहे. ती वापरा आणि आकडा वहीत लिहा. सेल बदलण्यासाठी यंत्र उघडायचे असेल, तर आत मुख्य विजेचे भाग असतात हे ध्यानात घ्या. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

सोलापूरपुरती एक गोष्ट. ज्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतो, तेथील कीबोर्डमध्ये सुताची बारीक रुई साचलेली असते. मिडीच्या भोकांतही ती दाबून बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही. विजेची जोडणी काढून मऊ ब्रशने ती भोके आधी स्वच्छ करा. आणि डेटा जात-येत असताना वीज गेली तर यंत्राच्या स्मृतीत काय उरेल याचा भरवसा नसतो, म्हणून कीबोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

४. जोडणी

कीबोर्डचा ‘आउट’ इंटरफेसच्या ‘इन’ला आणि इंटरफेसचा ‘आउट’ कीबोर्डच्या ‘इन’ला. नियम एवढाच असला तरी तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण म्हणजे ‘थ्रू’. थ्रू या भोकातून फक्त ‘इन’मध्ये आलेला डेटा पुढे जातो, यंत्राचा स्वतःचा डेटा तेथून बाहेर येत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे केबलच्या रूपातील यूएसबी इंटरफेसवरील लेबले. काही केबलवर ‘इन’ म्हणजे ‘हा प्लग कीबोर्डच्या इनमध्ये घाला’ असा अर्थ असतो, तर काहींवर ‘ही संगणकाकडे येणारी बाजू आहे’ असा. लेबलवर विसंबू नका. काहीच घडत नसेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करून पाहा, त्याने यंत्राला इजा होत नाही.

तिसरे ठिकाण अधिक फसवे आहे. जुन्या टेपरेकॉर्डर आणि डेकसाठी वापरल्या जाणाऱ्या पाच पिनांच्या केबल दिसायला हुबेहूब मिडीसारख्या असतात आणि जुन्या बाजारात त्या मिडी केबल म्हणून विकल्याही जातात. त्यांतील काहींच्या आतील वायरी उलटसुलट जोडलेल्या असतात, तर काहींत हव्या त्या पिना जोडलेल्याच नसतात. मिडीचा संदेश चौथ्या आणि पाचव्या पिनेवरून जातो, दुसरी पिन आवरणाची असते आणि पहिली व तिसरी रिकामी असते. पिनांची क्रमवारी अर्धवर्तुळात सरळ नसून १-४-२-५-३ अशी असते, म्हणजे दुसरी पिन मधोमध येते. मल्टिमीटर लावून चार ते चार, पाच ते पाच आणि दोन ते दोन बीप येते का पाहा. चार आणि पाच यांच्यात मात्र बीप येता कामा नये. केबल १५ मीटरपेक्षा लांब नको, आणि घरातल्या कामाला दीड-दोन मीटर पुरेशी होते.

५. नोट जाते म्हणून डेटा जाईल असे समजू नका

प्रथम साधी चाचणी करा. मिडी-ऑक्स किंवा तत्सम प्रणाली उघडा, कीबोर्डवर एक पट्टी दाबा आणि पडद्यावर नोंद उमटते का पाहा. त्यानंतर संगणकाकडून एक नोट पाठवा आणि कीबोर्ड वाजतो का पाहा. यामाहाच्या यंत्रांकडून पट्टी न दाबताही एक संदेश सतत येत राहील. तो ‘अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग’ आहे, म्हणजे मी जोडलेलो आहे असे यंत्र अधूनमधून कळवत असते. तो दोष नाही. नोंदी वाचता याव्यात म्हणून प्रणालीच्या फिल्टरमध्ये तो लपवा.

नोटा दोन्ही बाजूंनी गेल्या की जोडणी निर्दोष आहे असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले आणि तेथेच बहुतेक वेळ गेला. त्यामागचे कारण नीट समजून घेतले तर पुढची निम्मी चूकभूल टळते.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका ठरलेला आहे. प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट खर्च होतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३,१२५ बाइट. एक नोट वाजवायला तीन बाइट पुरतात. डीएक्स-७ च्या बत्तीस टोनांची पूर्ण बँक मात्र एकाच अखंड संदेशात येते आणि तो संदेश ४,१०४ बाइटचा असतो. मिडीच्या वायरीवरून तो जायला सुमारे १.३ सेकंद लागतात. दुसऱ्या बाजूला यूएसबीचा वेग याच्या कित्येक पट आहे. यूएसबीच्या ६४ बाइटच्या एका पुडक्यात अशा संदेशाचे ४८ बाइट मावतात आणि संगणक ते क्षणार्धात इंटरफेसकडे ढकलतो. इंटरफेसला मात्र तेवढेच बाइट मिडीच्या वायरीवर उतरवायला १५ मिलिसेकंद लागतात. चांगला इंटरफेस अशा वेळी संगणकाला थांबायला सांगतो. स्वस्त इंटरफेस थांबायला सांगत नाही, त्याची लहानशी स्मृती भरते आणि पुढचे बाइट वाहून जातात. यंत्राकडून येणाऱ्या डेटाचेही असेच होऊ शकते. काही इंटरफेस लांब संदेश मध्येच तोडतात आणि उरलेला भाग टाकून देतात.

म्हणून इंटरफेसची वेगळी परीक्षा घ्या. कीबोर्ड बाजूला ठेवा. इंटरफेसचा ‘आउट’ त्याच्याच ‘इन’ला जोडा. प्लग नर-नर असतील तर दुसऱ्या पायरीतला जोड इथे उपयोगी पडतो. आता ४,१०४ बाइटची एक फाइल पाठवा आणि तीच परत नोंदवा. परत आलेली फाइल मूळ फाइलशी बाइटगणिक जुळली पाहिजे. हे एकदा नव्हे, लागोपाठ दहा वेळा करा. माझी केबल पहिल्या खेपेला ४,१०४ ऐवजी कमी बाइट देऊन मोकळी झाली आणि प्रत्येक खेपेला आकडा निराळा आला. दहापैकी एकदाही चूक झाली तर तो इंटरफेस नोटा वाजवण्यासाठी ठेवा आणि या कामासाठी दुसरा घ्या. पेटीवर ‘प्लग अँड प्ले’ लिहिलेले आहे, यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

६. आधी बाहेर काढा

भरण्याआधी काढा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. यंत्रात आता जे आहे ते निरुपयोगी वाटत असले तरीही त्याची प्रत घ्या. मागील मालकाने काय घडवून ठेवले आहे ते तुम्हाला ऐकल्याशिवाय कळणार नाही.

डीएक्स-७ वर क्रम असा आहे. फंक्शन विभागात जा आणि आठ क्रमांकाचे बटण पुन्हा पुन्हा दाबा. आधी स्वीकारण्याचा चॅनेल, म्हणजे यंत्र मिडीच्या ज्या क्रमांकावरचे संदेश ऐकते तो, दिसेल. नंतर ‘सिस इन्फो’ ही ओळ येईल, तेथे ‘अनअव्हेल’ असेल तर ‘येस’ दाबून ‘अव्हेल’ करा. त्यानंतर ‘मिडी ट्रान्समिट’ असा प्रश्न येईल. संगणकावर नोंद घेणे आधी सुरू करा, मिडी-ऑक्समध्ये ‘रिसीव्ह मॅन्युअल डंप’ निवडा आणि मगच कीबोर्डवर ‘येस’ दाबा. संगणक आधी तयार असणे आवश्यक आहे, कारण यंत्र कोणाची वाट पाहत नाही.

आलेल्या फाइलचा आकार पाहा. ४,१०४ बाइट हवेत, एकही कमी वा जास्त नको. नंतर हेक्स व्ह्यूअरमध्ये फाइल उघडा. सुरुवात एफ०, ४३, ००, ०९, २०, ०० अशी आणि शेवट एफ७ ने झालेला दिसला पाहिजे. एफ० ही प्रत्येक सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशाची सुरुवात आणि एफ७ हा शेवट. दुसरा आकडा कंपनीची ओळख सांगतो. यामाहाचा ४३, रोलँडचा ४१, कॉर्गचा ४२, कॅसिओचा ४४ आणि कावाईचा ४०. कोणाकडून अनोळखी फाइल मिळाली तर पहिल्या दोन बाइटवरून ती निदान कोणत्या कंपनीच्या यंत्राची आहे ते कळते.

यानंतर काहीही न बदलता हीच क्रिया दुसऱ्यांदा करा आणि दोन्ही फाइली ताडून पाहा. टोन तेच असतील तर फाइली तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. फरक पडला तर पाचव्या पायरीकडे परत जा. जुळल्या तर ती फाइल डेक्स्ड या मोफत प्रणालीत उघडा. ती डीएक्स-७ च्या टोनांची नावे दाखवते आणि टोन वाजवूनही दाखवते. मी ती फाइल उघडली तेव्हा त्या वादकांनी दहा अक्षरांच्या मर्यादेत बसवलेली नावे एकाखाली एक दिसली. त्यांना बोलावून संगणकावरच टोन वाजवून दाखवले आणि त्यांनी मान डोलावल्यावरच मी यंत्र उघडून सेल बदलला. तुम्हीही मूळ वादकाकडून असे ऐकवून घ्या, कारण फाइल पूर्ण आहे की नाही हे संगणक सांगेल, पण टोन तोच आहे का हे तेच सांगू शकतात.

फाइलला यंत्राचे नाव, वादकाचे नाव आणि दिनांक द्या आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

इतर यंत्रांच्या तऱ्हा थोड्या निराळ्या आहेत. रोलँड डी-५० मध्ये पाठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दोन्ही यंत्रे एकमेकांना पोच देत पुढे जातात, त्यासाठी दोन्ही केबल लावलेल्या हव्यात आणि समोर ती भाषा समजणारी प्रणाली हवी. दुसरीत यंत्र एकतर्फी पाठवत जाते, आणि साध्या नोंदीसाठी हीच निवडा. १९८४ च्या जुनो-१०६ मध्ये मागील बाजूस मिडीचा तीन स्थानांचा स्विच आहे. तो तिसऱ्या स्थानावर असेल तरच टोनचा संदेश बाहेर येतो, आणि तोही एकेका टोनचे बटण दाबल्यावर. एकशे अठ्ठावीस टोन असतील तर एकशे अठ्ठावीस वेळा बटण दाबावे लागते. कॉर्ग एम-१ मध्ये ग्लोबल विभागातील फिल्टरमध्ये एक्सक्लुझिव्ह संदेशांना परवानगी द्यावी लागते.

७. परत भरणे

सेल बदलल्यानंतर स्मृतीत अर्थहीन अक्षरे आणि विचित्र आवाज दिसतील. घाबरू नका, ते अपेक्षितच आहे.

सुरुवात एका टोनने करा. डीएक्स-७ चा एकट्या टोनचा संदेश १६३ बाइटचा असतो. तो यंत्राच्या तात्पुरत्या जागेत जातो आणि साठवलेल्या टोनांना धक्का लावत नाही, दुसरा टोन निवडला की तो निघून जातो. त्यामुळे बिघाड होण्याची भीती न बाळगता ही चाचणी कितीही वेळा करता येते. टोन बरोबर वाजला तरच पूर्ण बँकेकडे वळा.

पूर्ण बँक पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहा. स्मृतीचे संरक्षण बंद हवे. डीएक्स-७ वर ‘मेमरी प्रोटेक्ट’मधील ‘इंटर्नल’ दाबून ‘नो’ करा, आणि प्रत्येक वेळी यंत्र चालू केल्यावर हे पुन्हा तपासा. ‘सिस इन्फो अव्हेल’ हवे. आणि फाइलमधील चॅनेल यंत्राच्या स्वीकारण्याच्या चॅनेलशी जुळला पाहिजे. वरच्या सुरुवातीतील तिसरा बाइट ०० असेल तर तो पहिल्या चॅनेलसाठीचा संदेश आहे, म्हणून यंत्रावर चॅनेल १ ठेवा.

पाठवून झाल्यावर यंत्र बंद करा, मिनिटभराने चालू करा आणि टोन टिकले आहेत का पाहा. टिकले असतील तर पुन्हा एकदा बाहेर काढा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. सेल नीट बसला आहे याचीही हीच खात्री.

८. अडले तर

*काहीच घडत नाही.* संगणकावर दुसरी एखादी प्रणाली तेच मिडी पोर्ट धरून बसली आहे का पाहा. विंडोजवर अनेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रणालीला पोर्ट देतात. रेकॉर्डिंगची प्रणाली पूर्ण बंद करा. यूएसबी हब मधून काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. त्यानंतरच संरक्षण, चॅनेल आणि परवानगीच्या सेटिंगकडे या.

*यंत्र ‘मिडी बफर फुल’ दाखवते किंवा मध्येच अडकते.* बफर म्हणजे येणारा डेटा तात्पुरता ठेवण्याची जागा. डेटा यंत्राला झेपण्यापेक्षा वेगाने येत आहे किंवा तो गोल फिरतो आहे. वेग कमी करण्यासाठी मिडी-ऑक्सच्या सिसएक्स सेटिंगमध्ये बफरचा आकार लहान करा आणि दोन बफरांमधील विलंब वाढवा. अनेक लहान संदेशांची फाइल असेल तर प्रत्येक एफ७ नंतरचा विलंबही वाढवा. सुरुवात मोठ्या विलंबाने करा आणि काम जमल्यावर हळूहळू कमी करत आणा. गोल फिरण्याचे कारण बहुधा संगणकावरील ‘थ्रू’ किंवा ‘पास सिसएक्स’ हा पर्याय असतो. आलेला डेटा संगणक तसाच यंत्राकडे परत पाठवतो आणि यंत्र स्वतःच्याच डेटाशी झुंजत बसते. हा पर्याय बंद करा.

*चेकसम चुकल्याचा संदेश येतो.* संदेशातील बाइटांच्या बेरजेवरून काढलेला आकडा शेवटच्या एफ७ च्या आधी असतो आणि यंत्र त्याच्याशी आपली बेरीज ताडून पाहते. ती जुळत नाही याचा अर्थ वाटेत बाइट हरवले किंवा फाइल कोणीतरी हाताने बदललेली आहे. पाचव्या पायरीतील ‘आउट’ ते ‘इन’ चाचणीत इंटरफेस उत्तीर्ण झाला असेल तर दोष फाइलचा समजा आणि दुसरी प्रत शोधा.

*फाइल पाठवली जाते, पण यंत्र दुर्लक्ष करते.* आकार पाहा. डीएक्स-७ ची फाइल नेमकी ४,०९६ बाइटची असेल तर त्यात फक्त टोनांचा मजकूर आहे, सुरुवातीचे सहा आणि शेवटचे दोन बाइट नाहीत. अशी फाइल डेक्स्डमध्ये उघडून पुन्हा साठवली की पूर्ण होते. तसेच ‘डॉट मिड’ ही गाण्याची फाइल असते आणि ‘डॉट एसवायएक्स’ ही टोनांची. नाव बदलल्याने एकीची दुसरी होत नाही. रोलँडच्या पुढील काळातील यंत्रांत उपकरण-क्रमांक पडद्यावर १७ दिसतो, पण संदेशात तो हेक्स १० असा असतो. फाइलमध्ये १७ शोधत बसू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, सेटिंग आणि प्रणाली एकाच वेळी बदलून काम झाले, तर दोष कोणता होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तो पुन्हा अडवतो.

९. फ्लॉपीची वाट

फ्लॉपीवर साठवणाऱ्या यंत्रांत बहुधा ७२० किलोबाइटची डबल डेन्सिटी फ्लॉपी लागते. आता मिळतात त्या बहुतेक १.४४ मेगाबाइटच्या हाय डेन्सिटी, ज्यांना दुसऱ्या कोपऱ्यातही एक भोक असते. बाजारातील यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह संगणकाच्या नेहमीच्या मांडणीपलीकडे वाचत नाहीत. एन्सोनिकच्या किंवा रोलँडच्या जुन्या सॅम्पलरची (मुद्रित आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या यंत्राची) फ्लॉपी त्यांत घातली की संगणक ती फॉरमॅट करायची का असे विचारतो. तेथे कधीही ‘होय’ म्हणू नका. घालण्याआधी फ्लॉपीची सरकती खिटी सरकवून भोक उघडे ठेवा, म्हणजे तिच्यावर लिहिले जाणार नाही.

अशा फ्लॉपी वाचण्यासाठी ग्रीसवीझल नावाचा लहान बोर्ड आणि जुन्या संगणकातील चौतीस पिनांचा फ्लॉपी ड्राइव्ह वापरतात. तो चकतीवरील चुंबकीय ठसा जसाच्या तसा उतरवतो आणि त्यावरून पूर्ण प्रतिमा तयार करता येते. नंतर यंत्रातील ड्राइव्हच्या जागी गोटेक हा पेनड्राइव्ह घेणारा बदली ड्राइव्ह बसवून त्याच प्रतिमा पेनड्राइव्हवरून चालवता येतात. काढलेला मूळ ड्राइव्ह टाकून देऊ नका. कापसाची रुई चकतीवर बसली असेल तर ड्राइव्हचे हेड चरे पाडते, म्हणून खिटी सरकवून चकती प्रकाशात फिरवून पाहा आणि प्रत्येक दोन-तीन फ्लॉपींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

१०. कॅसेटची वाट

कॅसेटच्या भोकातून येणारा आवाज म्हणजेच डेटा, त्यामुळे कॅसेट डेकऐवजी तो थेट संगणकात ध्वनिमुद्रित करता येतो. वेव्ह स्वरूपात साठवा. एमपी-३ करू नका, कारण कानाला न जाणवणारे जे त्यात गाळले जाते तेच येथे हवे असते. लॅपटॉपमधील आवाज सुधारण्याच्या सर्व सोयी आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा. ब्लूटूथ वापरू नका. मोबाइलच्या चार पट्ट्यांच्या जॅकने एक बाजू मुकी होऊ शकते, म्हणून साधा मोनो जॅक घ्या. यंत्रात ‘व्हेरिफाय’ची सोय असेल तर मुद्रण परत वाजवून ती वापरा, आणि जुळत नसेल तर आवाजाची पातळी थोडी थोडी बदलत पुन्हा प्रयत्न करा. बहुतेक वेळा पातळी कमी पडलेली असते.

११. यंत्रात चिठ्ठी ठेवा

काम संपल्यावर कागदाच्या एका पट्टीवर सेल बदलल्याचा दिनांक, सेलची जात, यंत्राचा चॅनेल, चालणाऱ्या इंटरफेसचे नाव, जमलेला विलंब आणि फाइलचे नाव लिहा आणि ती यंत्राच्या तळाशी चिकटवा. त्या डीएक्स-७ च्या तळाला मी अशी चिठ्ठी लावली आहे. फाइल असलेला पेनड्राइव्ह त्या वादकांनी कीबोर्डच्या पेटीतच, पुस्तिकेच्या खिशात ठेवला आहे आणि दुसरा पेनड्राइव्ह त्यांच्या मुलीकडे आहे.